मोतिया झळाळी आणि ठेका

जीन क्रुपा (१९०९–१९७३) या अमेरिकन जॅझ-वादकाचे नाव निघाले की रसिकांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो त्याचा शुभ्र मोतिया ड्रमसंच. स्लिंगरलँड कंपनीच्या या लाकडी ड्रमांवर मोत्याप्रमाणे चकाकणारे सेल्युलॉइड मढविलेले असे. दिव्यांच्या प्रकाशात ते झळके. आणि म्हणूनच की काय, क्रुपाला निव्वळ दिखाऊ ठरविणारे टीकाकारही निघाले.

हा निवाडा आम्हांस उतावळा वाटतो. पूर्वी टॉम-टॉमचे कातडे खिळ्यांनी ठोकून बसवीत. मग ते स्वरात लावावे कसे? क्रुपाच्या आग्रहावरून १९३६ च्या सुमारास स्लिंगरलँडने दोन्ही तोंडे स्वरात लावता येतील असे टॉम-टॉम काढले. हा आग्रह डोळ्यांचा नव्हे, कानांचा होय.

१६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमनच्या वृंदाने वाजविलेल्या 'सिंग, सिंग, सिंग'चे ध्वनिमुद्रण ऐकावे. टॉम-टॉमचा तो खोल, घुमणारा ठेका सबंध वृंदाला पुढे रेटीत नेतो. मोतिया झळाळीने वृंदामागे बसणाऱ्या साथीदाराकडे लोकांची नजर वळविली, हे खरे. परंतु ध्वनिमुद्रिकेत झळाळी उरत नाही, ठेका तेवढा उरतो. क्रुपाची खरी परीक्षा तेथेच व्हावी.