उरलेले भ्रूण : कायद्याचे एक कलम व पाळकाचे कर्तव्य

सहायित जननतंत्रज्ञानाविषयीचा 2021 चा केंद्रीय कायदा हा धर्मग्रंथ नव्हे. तथापि त्याच्या 28 व्या कलमाचे परिशीलन पाळकांनी व धर्मशिक्षकांनी अवश्य करावे, असे आम्हांस वाटते. औराद, भालकी, बसवकल्याण व आळंद या सीमाभागात मूल नसलेल्या स्त्रीला काय बोल सोसावे लागतात, हे सर्वविदित आहे. असे दांपत्य उपचारासाठी सोलापूर वा हैदराबादची वाट धरते, तेव्हा त्यास दोष देण्याचा आमचा मानस नाही.

या उपचारात शरीराबाहेर बहुधा अनेक अंडी फलित केली जातात. एक-दोन भ्रूण गर्भाशयात ठेवून उरलेले द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंश सेल्सिअसला गोठवितात. प्रयत्न फसल्यास पुन्हा अंडी काढण्याचा त्रास व खर्च वाचावा, हा हेतू रास्त आहे. परंतु मूल झाल्यावरही काही भ्रूण उरतात. 28 वे कलम म्हणते की, ते कमाल 10 वर्षे जतन करावेत; पुढे नष्ट होऊ द्यावेत, अथवा दांपत्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेस द्यावेत.

कायद्याचा गुण प्रथम सांगू. 1983 मध्ये एक दांपत्य विमान अपघातात मरण पावले आणि मेलबर्न येथे गोठविलेल्या त्यांच्या दोन भ्रूणांचे काय करावे, हा प्रश्न जगापुढे उभा राहिला. आमच्या कायद्याने तो आधीच ओळखला आहे : मृत्यू वा असमर्थता ओढवल्यास भ्रूणांचे काय करावे, याची लेखी सूचना घेतल्यावाचून ते गोठविता येत नाहीत.

उणीव अशी की, 28 वे कलम वर्षे मोजते, भ्रूण मोजीत नाही. जर्मनीच्या 1990 च्या कायद्याने एका पाळीत जितकी अंडी गर्भाशयासाठी योजली असतील त्यांहून अधिक फलित करण्यास मनाई केली. म्हणजे प्रश्न उगमाशीच अडविला. शिवाय ‘नष्ट होऊ द्यावेत’ या शब्दांत कर्ता कोठेच दिसत नाही. निर्णय कोणाचा, हे ओझे कोण वाहणार?

रोमन कॅथलिक मंडळीचे 2008 चे ‘दिग्नितास पर्सोने’ हे पत्रक या स्थितीस अन्याय म्हणते व तो निवारण्याचा मार्ग नसल्याचे कबूल करते. संशोधनास ते नकार देते. दुसऱ्या दांपत्याने हे भ्रूण स्वीकारावेत, या विचारामागील सद्हेतू वाखाणूनही त्यातील अडचणी दाखविते. त्याचा प्रामाणिकपणा आम्हांस मान्य आहे. पण भ्रूण गोठवून बसलेल्या आईला त्यातून वाट मिळत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तर भ्रूणाच्या दर्जाविषयी एकमतच नाही. स्तोत्र 139 हे उपकारस्तवन आहे; त्याचा आधार घेऊन अशा आईला दोषी ठरविणे आम्हांस अनुचित वाटते.

तेव्हा पाळकाचा शब्द दहा वर्षांनी नव्हे, उपचारापूर्वी पोहोचला पाहिजे. त्याने दांपत्याला तीन गोष्टी डॉक्टरांस विचारावयास सांगाव्यात : अंडी किती फलित करणार? कमी करता येतील काय? उरलेल्यांविषयीचे संमतिपत्र आम्हांस मराठीत समजावून सांगाल काय? निर्णय दांपत्याचाच राहील. परंतु तो अजाणता झालेला नसेल.