रूप घेतलं, हात सोडला

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा कंपनीचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम २०२० मध्ये आला, तेव्हा पहिलं कौतुक झालं ते त्याच्या चित्रांचं, आणि ते रास्तच होतं. राजस्थानी गढ्या आणि महाल, पहाडी लघुचित्रांची रंगसंगती, भिंतींवर कोरलेल्या पुराणकथा. महाबलासुराचे राक्षस गोलूला पळवून नेतात आणि सर्कशीत कसरती करणारी त्याची बहीण राजी त्याच्या शोधात निघते, एवढंच कथानक. पण ते विष्णू आणि दुर्गा आपसात बोलत आपल्याला सांगतात, त्यामुळे कीर्तनाला बसल्यासारखी थोडी मजा येते. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकनही मिळालं.

या गेममध्ये मला खटकली ती लढायांच्या मधली जागा. कथा पुढे सरकवायची असली की पडद्यावर छायाबाहुल्यांच्या धाटणीची दृश्यं येतात. सपाट आकृत्या, मागून उजेड, सांध्यांत हलणारे हात. देखणं काम आहे. आणि नेमकं त्याच वेळी खेळणाऱ्याच्या हाताला काही काम उरत नाही. कंट्रोलर मांडीवर ठेवायचा आणि बघत बसायचं. ज्या कलेत सगळी करामत हाताची, ती कला गेममध्ये आली ती हात रिकामे असतानाच.

हा दोष एकट्या ‘राजी’चा नाही. गेली पंधरा-वीस वर्षं जगभरच्या गेम-कलावंतांनी बाहुल्यांच्या खेळांकडे शैलीची खाण म्हणून पाहिलं आहे. खाणीतून त्यांनी रूप भरपूर उपसलं. चाल मात्र क्वचितच कुणी उचलली.

डेन्मार्कच्या प्लेडेड कंपनीचा ‘लिम्बो’ (२०१०) घ्या. काळ्या आकृत्या, राखाडी धुकं, डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके. त्यानंतर सावलीचे गेम उदंड झाले आणि त्यांना सरसकट ‘शॅडो पपेट स्टाइल’ म्हणायची सवय लागली. पण ‘लिम्बो’चे पूर्वज जुन्या जर्मन सिनेमात सापडतात, बाहुलीवाल्याच्या पालात नाहीत. आंध्र-कर्नाटकातल्या कातडी बाहुल्या तर काळ्या नसतातच, रंगीत असतात. शेळीचं कातडं भिजवून, केस खरवडून, ताणून वाळवलं की ते उजेड पाझरू देतं. त्यावर आकृती रेखायची, रंग भरायचे आणि छिन्नीने बारीक भोकं पाडायची. पडद्यावर सीतेच्या अंगावर जे दागिने लखलखतात ती ही भोकं. म्हणजे तिथे चमक काढायची तर रंग लावत नाहीत, कातडं काढून टाकतात.

ऑस्ट्रेलियात तयार झालेला ‘प्रोजेक्शन: फर्स्ट लाइट’ याहून प्रामाणिक आहे. त्यात ग्रेटा नावाची मुलगी तर चालवायचीच, पण उजेडाचा एक गोळाही चालवायचा. गोळा सरकवला की सावल्या लांबतात आणि त्या सावल्यांवर पाय ठेवून पुढे जायचं. दिवा खेळाडूच्या हातात देण्याची ही कल्पना मला फार आवडली. ग्रेटा इंडोनेशिया, चीन, तुर्कस्तान, ग्रीस असा फेरफटका मारते. भारताचा थांबा त्यात नाही. याचं मला फारसं नवल वाटत नाही. जावाचं वायांग, तुर्कांचं कारागोझ, चिनी छायाबाहुल्या हे सगळं युनेस्कोच्या यादीत जाऊन बसलं आहे, त्यावर पुस्तकं आहेत, संग्रहालयं आहेत. संदर्भ धुंडाळणाऱ्या चित्रकाराला आधी तेच सापडणार.

दोरीच्या बाहुल्यांचं नशीब थोडं बरं. सोनीच्या जपान स्टुडिओचा ‘पपेटीअर’ (२०१३) अख्खा रंगमंचावर घडतो. पडदा, प्रेक्षकांचा गलका, खडखडत बदलणारे देखावे. कुतारो हा त्याचा नायक डोकं गमावून बसतो आणि मिळतील ती डोकी धडावर चढवत फिरतो. धड तेच ठेवून मुंडकं बदलणं ही बाहुलीवाल्यांची जुनी काटकसर. तिचा इथे खेळाचा नियम झाला. जर्मनीतला ‘अ जगलर्स टेल’ (२०२१) तर दोऱ्या लपवतच नाही. ॲबी या बाहुलीच्या दोऱ्या थेट पडद्याच्या वर गेलेल्या दिसतात. वाटेत आडवी फांदी आली की दोऱ्या अडकतात, म्हणून तिला रस्ता बदलावा लागतो. वर बसलेला सूत्रधार यमकं जुळवत गोष्ट सांगतो आणि ती ऐकेनाशी झाली की गोष्टच फिरवतो. दोरी इथे सजावट नाही, अडचण आहे. म्हणून ती खरी वाटते.

आता जरा कारागिरीकडे. द्विमितीय गेममधलं पात्र आज बहुतेक वेळा सुट्या तुकड्यांचं बनवतात. डोकं वेगळं, दंड वेगळा, कोपराखालचा हात वेगळा, प्रत्येक सांध्यावर एक खीळ. ‘स्पाइन’सारखी सॉफ्टवेअर याच कामाची. आंध्रातल्या तोलु बोम्मलाट या कातडी बाहुल्यांच्या खेळातली बाहुली याच पद्धतीने जोडलेली असते: खांदे, कोपरं, कंबर, गुडघे सुटे आणि दोऱ्याच्या गाठींनी बांधलेले. ओडिशातल्या रावणछाया या छायाबाहुल्यांच्या खेळात याच्या उलट, आकृती एकसंध आणि सांधा एकही नाही. रचना सारखी म्हणून चाल सारखी, असं मात्र होत नाही. संगणकाला हाताची पहिली आणि शेवटची जागा दाखवली की मधला प्रवास तो गुळगुळीत भरून काढतो. बाहुलीवाल्याकडे कमरेला एक काडी आणि हातांना काड्या. पायांना बहुधा काहीच नसतं. पाय वजनाने मागून येतात. हनुमान उडी मारतो तेव्हा धड आधी पोहोचतं आणि पाय क्षणभर उशिरा. त्या उशिरातच उडीची ताकद दिसते.

दुसरी गोष्ट खोलीची. बाहुली पडद्याला टेकवली की रेघ आणि रंग स्वच्छ. मागे दिव्याकडे ओढली की ती मोठी होते, कडा विरतात, रंग फिके पडतात. नवं पात्र आणायचं तर ते असं धूसरातून पुढे सरकतं आणि पडद्यावर ‘बसतं’. गेममध्ये छायाबाहुल्यांचा आभास करताना चित्रकार पिवळट उजेड, कोपऱ्यांत अंधार आणि कागदाचा खरखरीतपणा न चुकता घालतात. पण आकृती पहिल्यापासून शेवटपर्यंत तितकीच ठळक. दिव्याशी तिचं काही देणंघेणंच नसतं.

एक मत इथे नोंदवून ठेवतो, पटेल त्याने घ्यावं. बाहुलीची चाल सावल्यांच्या गेमपेक्षा काही अगदीच बेंगरूळ दिसणाऱ्या गेमना जास्त साधली आहे. बेनेट फॉडीचा ‘क्वॉप’ (२००८) हा ब्राउझरमध्ये चालणारा फुकट गेम. धावपटूच्या दोन मांड्या दोन बटणांवर, दोन पोटऱ्या दुसऱ्या दोन बटणांवर, आणि धावायचं शंभर मीटर. बहुतेक जण चार पावलांत तोंडावर आपटतात. ‘ह्यूमन: फॉल फ्लॅट’ (२०१६) मध्ये डावा हात एका बटणावर आणि उजवा दुसऱ्यावर, साधं दार उघडतानाही घाम फुटतो. चित्रशैली म्हणून दोघांत सांगण्यासारखं काही नाही. पण शरीर आपल्या मालकीचं नाही, ते दुरून हलवावं लागतं, आणि त्या धडपडीतूनच त्याला जीव येतो, हा बाहुलीचा मूळ अनुभव तिथे बोटांना मिळतो. नवखा बाहुलीवाला पहिले काही दिवस असाच फजीत होत असणार.

सोलापूरकराला हा सगळा प्रकार परका वाटायचं कारण नाही. आपल्या पूर्व भागात विणकरांच्या घरांत पिढ्यानपिढ्या तेलुगू बोलली जाते, हे आपण जाणतोच. त्याच्या उलटं चित्र दक्षिणेत आहे. कर्नाटकातले किळ्ळेक्यात, आंध्रातले आरे कापू, तमिळनाडूतले मंडिकर हे कातडी बाहुल्यांचे परंपरागत खेळकरी प्रयोग करतात कन्नड, तेलुगू, तमिळमध्ये. घरात मात्र मराठीची एक जुनी बोली बोलत आले आहेत. मराठ्यांच्या सत्तेबरोबर ही मंडळी दक्षिणेत पसरली, असं काही अभ्यासक मानतात. विजापूर, बागलकोट ओलांडून खाली गेलं की कोप्पळ जिल्हा लागतो. तिथल्या भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांना तोगलू गोंबेयाट या कर्नाटकातल्या कातडी बाहुल्यांच्या खेळासाठी २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या मुलांना बाहुली म्हटलं की ‘झपाटलेला’तला तात्या विंचू आठवतो, रामदास पाध्यांची करामत मोठीच आहे, पण कातडी बाहुलीशी आपलं घरचं नातं असूनही ती आठवत नाही.

तोगलू गोंबेयाटात बाहुलीचा आकार पात्राच्या मानाप्रमाणे ठरतो. राजा आणि देव मोठे, चाकर लहान. गेममध्ये अखेरचा शत्रू तिप्पट उंच काढतात ती हीच युक्ती, आणि कुणी कुणाकडून घेतली हे विचारण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रात ही परंपरा तग धरून आहे ती कुडाळजवळच्या पिंगुळीत, ठाकर समाजाकडे. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी, तिन्ही एकाच समाजाच्या हातात. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथीत पोथीतलं एकेक चित्र समोर धरायचं, वीणा, टाळ आणि हुडुकाच्या साथीने त्याची कथा गायची, मग पुढचं चित्र. जपानी व्हिज्युअल नॉव्हेलचा ढाचा यापासून फार दूर नाही. स्थिर चित्र, खाली संवाद, बटण दाबलं की पुढचं. चित्रकथीची मोठ्या डोळ्यांची, एका बाजूने दिसणारी माणसं अशा गेममध्ये जशीच्या तशी शोभतील. चित्र कधी बदलायचं हे मात्र गाणारा ठरवतो, श्रोत्यांचा रंग बघून. तो निर्णय गेममध्ये कोणाकडे द्यायचा, हा खरा रचनेचा प्रश्न.

रूप उचललं की चाल हरवते, असं सगळ्याच हस्तकलांचं होत नाही. सोलापुरी चादरीच्या जॅकार्डचा नमुना काढणारा माणूस चौकटींच्या कागदावर एकेक चौकट भरतो. चौकट म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याचा छेद. पिक्सेल आर्टचा हिशेब तोच. तो नमुना उचलून उद्या कुणी गेममध्ये गालिचा म्हणून अंथरला, तर फारसं काही हरवणार नाही, कारण चादर मुळातच स्थिर आहे. बाहुली स्थिर ठेवली की ती नुसतं रंगवलेलं कातडं.

आणि ते आधीच घडून गेलं आहे. आंध्रातल्या निम्मलकुंटा गावात दलवाई चलपती राव यांच्यासारखे मातब्बर कलावंत आहेत, त्यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. पण गावाची चूल आज मुख्यतः लॅम्पशेड आणि शोभेच्या वस्तूंवर पेटते. रात्रभराच्या रामायणाला गिऱ्हाईक उरलं नाही, कातड्यावरच्या नक्षीला आहे. शहरातल्या दिवाणखान्यात दिवा तोच, कातडं तेच, सीताही तीच, हलत मात्र नाही. गेमवाल्यांना एकट्यांनाच दोष देता येत नाही तो यामुळे. बाजाराने आधी जे वेगळं केलं, तेच त्यांच्यापर्यंत पोहोचलं.

तरी गेम या माध्यमाकडे लॅम्पशेडपाशी नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे खेळणाऱ्याचे दोन हात. एका अंगठ्यावर बाहुली आणि दुसऱ्यावर दिव्यापासूनचं अंतर, इतकं जरी दिलं तरी धूसरातून पात्र ‘बसवण्या’चं काम खेळाडूला स्वतः करता येईल. शिवाय तोगलू गोंबेयाटात किळ्ळेक्यात नावाचा एक विदूषक असतो, ज्याच्यावरून जमातच ओळखली जाते; तो रामायणाच्या मध्येच घुसून गावातल्या चालू भानगडींवर वाटेल ते बोलतो. असं तोंडाळ पात्र खेळाडूच्या ताब्यात दिलेला गेम माझ्या पाहण्यात नाही. यासाठी मोठ्या बजेटची गरज नाही. कोप्पळचा किंवा पिंगुळीचा एखादा खेळकरी महिनाभर ॲनिमेटरच्या शेजारी बसवावा, त्याला ॲनिमेटरइतकाच पगार द्यावा आणि श्रेयनामावलीत ‘विशेष आभार’च्या ढिगात न टाकता चालीचा दिग्दर्शक म्हणून त्याचं नाव घालावं. त्याची पहिली हरकत बहुतेक पायांवर असेल: हे फार नीट चालतात.