रिकाम्या जागेचा नकाशा

प्रथिनांचा रामचंद्रन आलेख पाहणाऱ्याची नजर आधी ठिपक्यांच्या दाटीकडे जाते. मी मात्र त्यातल्या पांढऱ्या जागेकडे बघत राहतो. गो. ना. रामचंद्रन यांची सगळी तपश्चर्या त्या कोऱ्या जागेत आहे.

आडवा अक्ष फाय, उभा साय. दोन्ही उणे 180 ते अधिक 180 अंश. प्रथिनाच्या साखळीत पेप्टाइड बंध सपाट आणि ताठ असतो. वळायला मोकळे असतात ते मधल्या कार्बनच्या दोन बाजूंचे बंध; त्यांच्या वळण्याचे कोन म्हणजेच फाय आणि साय. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी 1963 मध्ये एवढंच विचारलं : कोणत्या कोनांना अणू एकमेकांवर आदळतात? आदळले, तिथे मज्जाव. उरला तो डावीकडे वर बीटा-पट्ट्यांचा ऐसपैस प्रदेश, त्याखाली उजव्या वळणाचं आल्फा मळसूत्र आणि उजवीकडे एक चिमुकलं बेट. तेव्हा अणूंपर्यंत उलगडलेली प्रथिनं बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. पुढे उलगडलेल्या हजारो रचना मात्र याच नकाशावर तपासल्या गेल्या.

मला सर्वांत भावते ती इथली दुहेरी सीमारेषा. दोन कार्बन अणूंत एरवी 3.2 आँगस्ट्रॉम अंतर हवं. अगदीच अडलं तर 3.0. म्हणून दोन रेषा. या काटेकोरपणामागे एक जुना सल आहे. भौतिकशास्त्रज्ञ रामन यांनी विद्युत अभियांत्रिकीतून भौतिकीत ओढून आणलेले विद्यार्थी रामचंद्रन पुढे मद्रास विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे 1954 मध्ये त्यांनी गोपीनाथ कर्था यांच्यासह कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना मांडली, पुढच्या वर्षी ती सुधारली. त्यात काही अणू फारच जवळ आलेत, असा आक्षेप क्रिक आणि रिच या शास्त्रज्ञांनी घेतला. फार जवळ म्हणजे नेमकं किती? रामचंद्रन यांनी ज्ञात स्फटिकरचनांतली अंतरं गोळा करायला घेतली. नकाशा त्यातून उगवला. टीकेला इतकं देखणं उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही.

ग्लायसिन या अमिनो आम्लाचा नकाशा मात्र वेगळा काढून पाहावा. त्याच्या बाजूला नुसता हायड्रोजन. डावं-उजवं असा भेदच नाही. त्यामुळे मोकळी जागा कितीतरी वाढते आणि मध्यबिंदूच्या दोन्ही अंगांना सारखी पसरते. कोलॅजेनमध्ये दर तिसरं अमिनो आम्ल हेच असतं, कारण तीन पेड जिथे एकमेकांना खेटतात, तिथे दुसरं कुणी मावतच नाही.