फौजी घरी परततो तेव्हा

कोकणातल्या गावांनी लष्कराला आणि नौदलाला पिढ्यान्‌पिढ्या माणसे दिली. ती घरी परतल्यावर त्यांचे काय होते, हे आपल्या कथा-चित्रपटांनी कितीसे पाहिले? यंदा आंब्याचा हंगाम आटोपल्यावर देवगडला आम्ही चार-पाच वाचक बसलो आणि दोन कलाकृती मुद्दाम शेजारी ठेवल्या: नाना पाटेकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘प्रहार’ (१९९१) हा हिंदी चित्रपट आणि सआदत हसन मंटो यांची ‘आखरी सल्यूट’ ही उर्दू कथा.

‘प्रहार’मधला मेजर चव्हाण शिस्तीचा पुतळा आहे. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या पीटरला मुंबईत हप्तेखोर गुंड ठार मारतात, मोहल्ला गप्प राहतो आणि मेजरचा बांध फुटतो. पडद्यावर तो मारत सुटतो तेव्हा प्रेक्षक टाळ्या वाजवतात. शेवटी त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. शहाणा कोण, हा प्रश्न चित्रपट प्रामाणिकपणे विचारतो, हे आम्ही मान्य करतो. पण सैनिकाच्या दोनच अवस्था त्याला ठाऊक आहेत: पोलादी संयम किंवा स्फोट. मधले रोजचे आयुष्य त्याला दिसतच नाही. शिवाय त्या टाळ्यांमुळे तोल सुटणे हाच सद्गुण ठरतो.

मंटोंची नजर अधिक बारीक आहे. एकाच गावचे, दुसऱ्या महायुद्धात खांद्याला खांदा लावून लढलेले रबनवाज आणि रामसिंग काश्मीरच्या लढाईत समोरासमोर येतात. शिव्या देतात, हसतात. मग गमतीने झाडलेली एक गोळी रामसिंगच्या पोटात लागते. इथे द्वेष नाही, संतापही नाही. मनाने थांब म्हणण्याआधीच हात चालून गेला आहे. युद्धाने माणसाचे काय केले, ते या एका क्षणात कळते.

वैद्यकशास्त्र आज जे सांगते ते याच्या जवळचे आहे. बेत आखणे, ऐनवेळी तो बदलणे, हात आवरणे ही कामे मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागाच्या आधाराने चालतात. स्फोटाचा हादरा, डोक्याला मार, महिनोन्‌महिने तुटलेली झोप यांनी ती क्षमता दुबळी होऊ शकते. १९१५ मध्ये डॉक्टरांच्या लिखाणात ‘शेल शॉक’ हा शब्द आला. आघातानंतरच्या मानसिक विकाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने अधिकृत नाव दिले ते १९८० मध्ये. अर्थात प्रत्येक फौजी असा नसतो. बहुतेक जण संसाराला लागतात. प्रत्येकाकडे सुरुंग म्हणून पाहणे हाही अन्यायच.

आमच्यातल्या एकाचे मामू फौजेतून निवृत्त होऊन आले. रात्रभर पहारा द्यायला सांगा, डोळा मिटणार नाहीत. पण आंबा काढणे, वजनावार निवडणे, पेंढा घालून पेट्या भरणे, ट्रक गाठणे, या धांदलीत ट्रकला तासभर उशीर झाला की सगळे बिनसायचे. एकदा भरलेली पेटी त्यांनी अंगणात भिरकावली. लोक म्हणत, “मामू, जरा सब्र करा.” ते म्हणाले, “पंधरा वर्षं तेच करतोय रे.”

हे उत्तर ऐकून आम्ही वरमलो. सब्र म्हणजे निव्वळ इच्छाशक्ती, असे आम्ही धरून चाललो होतो. ज्याचा पाय गेला त्याला कुबडी देतो. ज्याची आवरण्याची ताकद जखमी झाली त्याला मात्र उपदेश देतो.

पुढे मामीने एक युक्ती केली. दिवसाची कामे क्रमाने एका पुठ्ठ्यावर लिहून ती पडवीत टांगू लागली. ‘ट्रक आला नाही तर’ याचीही एक ओळ त्यात असे. मामूंचे चिडणे संपले नाही, पण पेट्या वेळेवर जाऊ लागल्या.

‘प्रहार’ला तो पुठ्ठा दिसला नसता. मंटोंनी त्याआधीचा क्षण पकडला, पण त्यांची कथा रणांगणावरच संपते. पडवीपर्यंतची वाट मराठीत अजून लिहायची आहे. आमच्या घरांतून फौजेत गेलेली माणसे आहेत, त्यांच्या बायका आहेत, मुले आहेत. या अंकाच्या लेखकांनी त्यांच्याजवळ बसून ऐकावे, एवढी आमची विनंती आहे.