स्नायुनियमन : वाटणी आणि वंशावळ

प्राणिसृष्टीतील स्नायुनियमक प्रथिनांच्या उत्क्रांतीचा विचार करू लागले, की विल्यम लेहमन व अँड्र्यू सेंट-ज्यॉर्जी यांच्या १९७५ मधील निबंधाशी थांबावेच लागते. सुमारे शंभर प्राण्यांचे स्नायू लेखकद्वयाने एकाच कसोटीला लावले आहेत. हा व्याप आजही आदरास पात्र आहे. मात्र त्यांनी दिलेली वाटणी वंशावळ म्हणून वाचण्याचा मोह वाचकाला होतो, आणि परीक्षणाचे खरे कारण तेच होय.

स्नायूचे आकुंचन म्हणजे मायोसिन या प्रथिनाने ॲक्टिनचे तंतू ओढणे. ही ओढ केव्हा सुरू व्हावी हे कॅल्शियम ठरविते. परंतु कॅल्शियमचा निरोप कोणी स्वीकारावयाचा, याची व्यवस्था सर्वत्र एक नाही. सशाच्या रेखित स्नायूत तो ॲक्टिनच्या तंतूवरील ट्रोपोनिन स्वीकारते. हे ज्ञान एबाशी सेत्सुरो यांच्या १९६३ ते १९६५ या काळातील संशोधनाचे फळ. स्कॅलप शिंपल्यात कॅल्शियम थेट मायोसिनलाच चिकटते, असे १९७० मध्ये केंड्रिक-जोन्स यांच्यासह याच दोघांनी दाखवून दिले होते.

१९७५ ची कसोटी चतुर आहे. परक्या प्राण्याच्या स्नायुप्रथिनांत सशाचे शुद्ध ॲक्टिन मिसळावे. कॅल्शियमची संवेदना टिकली तर नियमन मायोसिनकडे आहे. सशाचे मायोसिन मिसळूनही ती टिकली तर ॲक्टिनकडे. म्हणजे ससा येथे प्रमाणभाषेच्या जागी आहे, आणि प्रत्येक बोली तिच्याशी ताडून पाहिली जाते. अशा मापनाची मर्यादा लेखकांना ठाऊक होती. पृष्ठवंशी प्राण्यांच्या रेखित स्नायूत, जिवंत अवस्थेत, मायोसिनचे नियमन मुळीच नसते असे ते छातीठोकपणे म्हणत नाहीत. मृदुकाय प्राण्यांत ट्रोपोनिन ‘पुरेशा प्रमाणात’ नाही, एवढेच त्यांचे विधान आहे. ‘पुरेसे नाही’ आणि ‘नाही’ यांतील अंतर शब्दार्थाच्या अभ्यासकाला तरी लहान वाटू नये. १९७८ मध्ये स्कॅलपमध्येच ट्रोपोनिनसदृश प्रथिने आढळली, आणि ती शोधणाऱ्यांत लेहमन स्वतःच होते.

खरी अडचण वर्गीकरणाची आहे. निबंधानुसार कीटक, गोलकृमी, वलयी प्राणी इत्यादींत दोन्ही नियमने एकत्र नांदतात. मृदुकाय, बाहुपाद, कंटकचर्मी व एकियुरा यांत केवळ मायोसिनचे, तर पृष्ठवंशीयांच्या रेखित स्नायूत केवळ ॲक्टिनचे. आरंभी उदयास आलेल्या संघांत दोन्ही आढळतात, असेही लेखक म्हणतात. परंतु आजचा गोलकृमी सशाइतकाच आजचा आहे. हयात बोलींपैकी कोणतीही दुसरीची आजी नसते. पुढे रेणवीय पुराव्यावरून एकियुरा वलयी प्राण्यांतच सामावले गेले. दुहेरी नियमनाच्या घरात एकेरी नियमनाचा हा सदस्य सापडताच, एकेरीपण हे मूळ लक्षण नसून झीज आहे, हा तर्क बळावतो. कंटकचर्मी व पृष्ठवंशी हे परस्परांचे जवळचे आप्त. एकात उरले ते दुसऱ्यात गेले. दोघांचा पूर्वज दुहेरी होता असे मानल्यास या विरोधाचा उलगडा सहज होतो. हिंदी व फ्रेंच या दोहोंनी नपुसकलिंग गमावले म्हणून त्यांना कोणी सख्ख्या बहिणी ठरवीत नाही. मराठी व गुजराती यांनी ते राखले, तेवढ्यावरूनही त्यांचे विशेष नाते सिद्ध होत नाही. नाते ठरते ते समान नवनिर्मितीवरून.

अशी नवनिर्मिती स्वतः ट्रोपोनिनच असावी. श्टाइनमेट्झ व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखविले की जेलीफिशला रेखित स्नायू असूनही ट्रोपोनिनची जनुके नाहीत. उलट स्नायूला लागणारे मायोसिन मात्र बहुपेशीय प्राण्यांच्याही आधीचे आहे. पट्ट्यांचे साम्य स्वतंत्रपणे उद्भवले, असा त्यांचा निष्कर्ष. १९७५ च्या कोष्टकात ही कालक्रमाची बाजू येणे शक्यच नव्हते.

लेखकद्वयाने नियमनाचा प्रकार आणि स्नायूची रचना यांत साधा संबंध सांगण्यास नकार दिला, हा त्यांचा संयम स्तुत्य आहे. तो आणखी एक पाऊल पुढे जावयास हवा होता. दशपाद कवचधाऱ्यांत केवळ ॲक्टिनचे नियमन त्यांना आढळले ते शीघ्र स्नायूंत. तेव्हा कोष्टकाचा घटक स्नायू असावयास हवा होता. त्याऐवजी वाचकाच्या हाती संघांची नावे पडतात.