जे आधी फुललं, ते आधी तुटलं

जपानच्या नो नाटकांमध्ये ‘हाचि नो कि’, म्हणजे ‘कुंडीतली झाडं’, नावाचं एक जुनं नाटक आहे. ते कुणी लिहिलं याबद्दल एकमत नाही. कान्आमि आणि त्याचा मुलगा झेआमि या दोघांचीही नावं घेतली जातात. आर्थर वेली यांनी १९२१ साली ते इंग्रजीत आणलं आणि जपानबाहेरच्या वाचकांना त्याची ओळख झाली. जपानमध्ये हे नाटक स्वामिनिष्ठेचा पाठ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. संकटाची हाक येताच धावून जाणं या अर्थी ‘इझा कामाकुरा’ असा वाक्प्रचार तिथे रूढ आहे, तो याच कथेशी जोडला जातो. मला मात्र हे नाटक झाडं राखणाऱ्या माणसाचं वाटतं. त्याचा गाभा आहे मधल्या एका प्रवेशात. तिथे एक माणूस आपली तीन झाडं तोडून चुलीत घालतो, आणि ती तोडताना प्रत्येकाविषयी जे बोलतो ते ज्याने झाडाची वर्षानुवर्षं निगा राखली आहे त्यालाच सुचेल.

कथा थोडक्यात अशी. कोझुके प्रांतातलं सानो, म्हणजे आजच्या गुन्मा भागातलं गाव. बर्फ पडत असताना एक भिक्षू एका झोपडीच्या दाराशी येऊन आसरा मागतो. घरात एकटी बाई आहे. ती नवरा येईपर्यंत थांबायला सांगते. नवरा बर्फ तुडवत येतो आणि नाही म्हणतो, कारण या घरात पाहुण्याला ठेवण्याजोगं काही उरलेलं नाही. भिक्षू निघून जातो. मग बायकोच्या सांगण्यावरून नवरा बाहेर धावतो, बर्फात दिसेनाशा होत चाललेल्या पाहुण्याला हाका मारून परत आणतो. जेवायला मिळतो तो नुसता राळ्यांचा भात. हा यजमान सानो गेन्झाएमोन त्सुनेयो, एके काळचा जमीनदार सामुराई. भाऊबंदांनी त्याची जमीन लाटली आहे. आणि भिक्षू म्हणजे होजो तोकियोरी (१२२७–१२६३), कामाकुरातल्या लष्करी राजवटीचा खरा सूत्रधार, १२५६ मध्ये पद सोडून संन्यास घेतलेला. तोकियोरी वेष पालटून देशभर हिंडत असे, अशा दंतकथा जपानमध्ये पुष्कळ आहेत.

रात्र चढते, थंडी वाढते, घरात सरपण नाही. तेव्हा त्सुनेयो आपल्या झाडांची गोष्ट काढतो. बरे दिवस होते तेव्हा त्याला झाडांचा नाद होता, घरात पुष्कळ कुंड्या होत्या. दिवस फिरल्यावर हा नाद आता आपल्याला शोभत नाही असं वाटून त्याने बहुतेक सगळी झाडं लोकांना देऊन टाकली. तीन मात्र देववली नाहीत: ऊमे, साकुरा म्हणजे चेरी, आणि मात्सु म्हणजे पाइन. ती बाहेर बर्फ अंगावर घेऊन उभी आहेत, असं तो म्हणतो. हा तपशील सहज वाचून पुढे जाण्यासारखा नाही. गरिबीमुळे ती उघड्यावर टाकलेली नाहीत. या झाडांना थंडी हवीच असते. थंडीचे महिने पुरते भोगल्याशिवाय ऊमेची आणि साकुराची कळी धड उमलत नाही. म्हणजे स्वतःला ऊब नसलेल्या माणसाची झाडं अगदी जिथे असायला हवीत तिथेच आहेत.

पाहुणा नको म्हणतो. तुमचे दिवस पालटले की ही झाडं तुम्हाला हवीशी वाटतील, असं समजावतो. त्सुनेयो उत्तर देतो की मी मातीखाली गाडलं गेलेलं लाकूड आहे, माझा बहर आता येणार नाही. स्वतःविषयी बोलायला त्याला झाडाचीच भाषा सापडते. त्याची बायको पाहुण्याची समजूत घालताना थेट हिमालयात जाते. पूर्वजन्मी बुद्धाने तिथे एका ऋषीच्या सेवेत सरपण गोळा केलं होतं. हेही तसंच धर्मासाठी वाहिलेलं सरपण समजा, असं ती सांगते. सद्धर्मपुंडरीक या बौद्ध सूत्रात अशी सेवेची कथा आहे, आणि ती चीन ओलांडून एका जपानी झोपडीपर्यंत पोहोचलेली पाहून आपल्याला जवळीक वाटल्याशिवाय राहत नाही.

मग तो झाडावरचं बर्फ झटकतो. मंचावर कापसाचं बर्फ ठेवलेलं लहानसं झाड आणून ठेवलेलं असतं. बर्फ खाली पडतं, झाड मोकळं होतं, आणि मनाशी सगळं ठरवून आलेला हा माणूस अडतो. किती सुंदर आहे हे, आता काय करू, एवढाच त्याचा उद्गार. पुण्याचं, आतिथ्याचं सगळं बोलणं होऊन गेलेलं आहे. ते खोटंही नाही. पण झाड समोर दिसल्यावर ते पुरत नाही. सगळ्या नाटकात मला हा क्षण सर्वांत खरा वाटतो.

पहिल्यांदा कोणतं तोडायचं? तो ऊमे निवडतो, आणि त्याचं कारण ऐकून मी पुस्तक मिटून बसलो होतो. खिडकीजवळच्या ऊमेची उत्तरेकडची बाजू बर्फाने बंद करून टाकलेली असतानाही तेच सर्वांआधी फुलतं. म्हणून तोडतानाही सुरुवात त्याच्यापासून. जो गुण वर्षभर त्याच्या प्रेमाचं कारण होता, तोच आता झाडाच्या मरणाची पाळी ठरवतो. या ऊमेची फांदी दुसऱ्या कुणी मोडली तरी तो हळहळत असे, आणि आज त्याच हातांनी तो त्याचं सरपण करतो आहे.

ऊमे हे जर्दाळूच्या जवळच्या नात्यातलं फळझाड. याच्या आंबट फळांना मीठ लावून जपानी लोक उमेबोशी करतात. कुंडीतल्या जुन्या झाडाची ताकद खर्ची पडू नये म्हणून मात्र फळं लहान असतानाच खुडून टाकतात. तिथे मान फुलाला. या झाडाची एक खोड बोन्सायवाल्यांना फार छळते. फूल धरतं ते गेल्या वर्षीच्या कोवळ्या काडीवर. काडी लांब राहू दिली तर फांदीचे आतले डोळे मरतात, आणि फक्त टोकाला फुलणाऱ्या बोडक्या काठ्या उरतात. म्हणून फुलं झडताच दर वर्षी काड्या आखूड छाटाव्या लागतात. एक वर्ष हयगय झाली तर फांदी पुन्हा जवळून फुटेल याची खात्री नाही. खोड मात्र वयाबरोबर देखणं होत जातं: साल काळी, खडबडीत, मधलं लाकूड कुजून पोकळी पडते, आणि एका बाजूच्या जिवंत सालीवर सगळं झाड उभं राहतं. म्हणूनच जुन्या बागांतली, डोंगरांवरची म्हातारी ऊमे खणून कुंडीत आणण्याची परंपरा तिथे आहे. पोकळ खोड छाटणीने घडवता येत नाही, त्याला काळच लागतो. नवं काम असतं ते मुळं कापून कुंडीत रुजवण्याचं आणि हव्या जागी फांदी नसेल तर कलम बांधण्याचं.

अशी झाडं पाहायची तर बिवा तलावाकाठच्या नागाहामा शहरातलं ऊमे-बोन्साय प्रदर्शन आहे. ते १९५२ पासून भरतं. सम्राट मेइजींच्या भेटीसाठी १८८७ मध्ये बांधलेल्या केइउन्कान या वास्तूत, जानेवारीपासून मार्चपर्यंत, फुलण्याच्या वेळेप्रमाणे कुंड्या आत-बाहेर हलवत राहतात. काही झाडं माणसाच्या डोक्यापेक्षा उंच आहेत, आणि चारशे वर्षांचं म्हणून सांगितलं जाणारं झाडही तिथे दर वर्षी फुलतं. पोकळ खोडाच्या उरलेल्या सालीतून निघालेल्या हातभर फांदीवर फूल येतं, तेव्हा त्यामागे किती पिढ्यांची छाटणी आहे ते कळतं. त्सुनेयोच्या ऊमेचं वय नाटक सांगत नाही. पण ऊमेच्या कळ्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात. त्याने तोडलं तेव्हा येत्या वसंताची फुलं त्या काड्यांवर तयार होती, आणि हे त्याला पाहुण्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

साकुराविषयीचे शब्द कमी आहेत, पण मला ते जास्त हळवे वाटतात. हे झाड दर वसंतात जरा उशिराच फुलायचं. कळ्या रेंगाळल्या की तो अस्वस्थ व्हायचा: झाडाचं काही बिनसलं तर नाही? म्हणून त्याने त्याला जिवापाड जपलं. आता बिनसलेला तो एकटाच आहे. दरवर्षीची ही धास्ती झाड मालकीचं असून भागत नाही, ते रोज पाहावं लागतं तेव्हा येते. मात्सुच्या वेळी तर चक्क कारागीर बोलतो. फांद्या वाकवून, पानं विरळ करून त्याने त्याला आकार दिला होता. हीच दोन कामं बोन्साय करणारे आजही करतात. आणि ऊमेसाठी, साकुरासाठी हळहळणारा हा माणूस मात्सुपाशी आल्यावर मनाची समजूत घालतो, की पाइन मुळातच धुराचं लाकूड, त्याचं सरपण होणं रास्तच. राजवाड्याच्या पहारेकऱ्यांच्या शेकोटीची उपमा तो देतो आणि पाहुण्याला जवळ सरकायला सांगतो. दुःख तिथे संपत नाही. पण पाहुण्याला ऊब हवी आहे, आणि यजमान यजमानासारखं बोलू लागतो.

श्रियाळ-चांगुणेची कथा माहीत असलेल्या मराठी वाचकाला इथे त्यांचा मुलगा चिलया आठवेलच. तिथेही वेष पालटलेला अतिथी आहे, घरात सर्वांत प्रिय आहे त्याचं दान आहे. पण तिथे अतिथी ते मागतो, आणि चिलया शेवटी परत मिळतो. इथे अतिथी तर नको म्हणत असतो, आणि झाडं परत येत नाहीत. मला हे नाटक या ठिकाणी अधिक कठोर वाटतं.

उत्तरार्धात कामाकुराहून सैन्याला हाक येते. फाटकं चिलखत, गंजलेला भाला, हाडं निघालेला घोडा, अशा थाटात त्सुनेयो पोहोचतो. हाक आली तर असाच धावून जाईन, असं तो त्या रात्री पाहुण्याला बोलला होता, तसाच वागतो. तोकियोरी त्याला पुढे बोलावतो, सानोच्या लाटलेल्या तीस-एक वाड्या परत देतो. वर झाडांची भरपाई म्हणून तीन जहागिरी: कागा प्रांतातलं उमेदा, एच्चूतलं साकुराइ, कोझुकेमधलं मात्सुइदा. तिन्ही गावांच्या नावांत एकेक झाड आहे. समीक्षक इथे न्याय पाहतात, आणि तो आहेच. पण भरपाई म्हणून पाहिलं तर ती पुरी होऊ शकत नाही. पेटलेल्या ऊमेच्या जागी गाव देता येतो, ऊमे नाही. मला या दानातलं वेगळंच काही मोलाचं वाटतं. तोकियोरी तीन नावं उच्चारतो ती ऊमे, साकुरा, मात्सु या क्रमाने. त्या रात्री झोपडीत झाडं त्याच क्रमाने आगीत गेली होती.