झपाटलेले प्रेम : ‘मुंज्या’च्या निमित्ताने

आपल्या मराठी भाषेत प्रेमासाठी आणि भुतासाठी काही शब्द एकच आहेत. माणूस एखाद्या व्यक्तीने झपाटला जातो आणि पिंपळावरच्या भुतानेही झपाटला जातो. ‘लागीर’ हा शब्द खेड्यापाड्यांतून भूतबाधेसाठी वापरीत. २०१७ साली तो प्रेमात पडण्याच्या अर्थाने एका दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकात आला आणि कोणालाही खटकला नाही. आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेला, ७ जून २०२४ रोजी प्रदर्शित झालेला ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट भाषेतली ही उपमा अक्षरशः खरी मानतो. म्हणूनच त्याविषयी लिहावेसे वाटले. भयपट म्हटला की आपल्या घरांतून तो बहुधा नापसंतीने बाजूला सारला जातो, आणि पुष्कळदा ते योग्यही असते. परंतु ही कथा आमच्या कोकणातली आहे, आणि तिच्यातले भूत कोकणापुरतेच नाही.

सुमारे ३० कोटी रुपयांत, एकाही बड्या नायकाशिवाय हा चित्रपट झाला आणि त्याने देशात १०० कोटींहून अधिक गल्ला जमवला. मॅडॉक फिल्म्ससारख्या संस्थेची ही निर्मिती असल्याने तिला कोणा एकट्या कलावंताचे धाडस म्हणता येणार नाही. तसे धाडस पाहायचे तर राही अनिल बर्वे यांचा २०१८चा ‘तुंबाड’ पाहावा. त्याला नाव मिळाले ते आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या, श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीने अजरामर केलेल्या गावाचे. त्यात हाव सोन्याची होती. ‘मुंज्या’त हाव माणसाची आहे. कलाकृती म्हणून ‘तुंबाड’ निःसंशय श्रेष्ठ ठरतो, पण घरी बसून चर्चा करावी असे काही ‘मुंज्या’त अधिक आहे असे आमचे मत झाले.

कथा थोडक्यात अशी. १९५२ सालच्या कोकणात गोट्या नावाचा मुलगा वयाने मोठ्या असलेल्या मुन्नीवर जीव टाकतो. घरचे त्याची मुंज लावून देतात. तो हट्ट सोडीत नाही. चेटूकवाडीत जाऊन आपल्या लहान बहिणीचा, गीताचा, बळी देऊन मुन्नी मिळवू पाहतो आणि त्या झटापटीत स्वतःच प्राणास मुकतो. त्याचा मुंज्या होतो. पुढे गीताचा नातू बिट्टू (अभय वर्मा) पुण्याहून गावी येतो, ते भूत त्याच्या मानगुटीस बसते आणि मुन्नीशी लग्न हा एकच धोशा लावते. मुन्नी आता आजी झालेली आहे. मग त्याची नजर तिची नात बेला (शर्वरी) हिच्याकडे वळते. ही बेला बिट्टूच्या मनात आहे, आणि तीही त्याच्याहून मोठी आहे. म्हणजे दोन पोरे, दोन मोठ्या मुली, आणि दोन तऱ्हेची ओढ. एकाला नकार पचत नाही. दुसरा तो उच्चारला जाण्याआधीच गृहीत धरून मुकाट बाजूला उभा असतो. चित्रपटाचा सगळा कणा या तुलनेत आहे. दुर्दैवाने ऐन वेळी विनोदाच्या फैरी सुटतात आणि ती तुलना अर्धवट राहते.

आमच्या मते या चित्रपटाने एक गोष्ट निश्चित साधली आहे. १९९३च्या ‘डर’मध्ये नायिकेचा छळ करणारा तरुण पडद्यावर इतका देखणा आणि व्याकूळ दिसला की टाळ्या त्यालाच पडल्या. त्याआधी तीनच वर्षे, १९९० साली, उल्हासनगरात दहावीची परीक्षा देणाऱ्या मुलीला परीक्षा केंद्रात जाळण्यात आले होते. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटात एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आले आणि आठवड्याभरात ती गेली. या दोन्ही वेळी वृत्तपत्रांनी वापरलेला शब्द एकच होता : ‘एकतर्फी प्रेम’. ज्यात दुसऱ्या माणसाला स्थानच नाही, त्याला प्रेम कशासाठी म्हणायचे? सरपोतदारांचा मुंज्या या शब्दाचा साज उतरवून ठेवतो. संगणकाने घडवलेले ते ध्यान कुरूप आहे, हट्टी आहे, मनासारखे झाले नाही की पाय आपटणारे आहे. सत्तर वर्षे उलटली तरी ते पोरच राहिले आहे. चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या एकाही मुलाला त्याच्यासारखे व्हावेसे वाटणार नाही. हे लहान काम नव्हे.

आणखी एक कल्पना फार मोलाची आहे. मुंज्या फक्त त्याच्या रक्ताच्या नातलगांना दिसतो. गावाला, मित्रांना, पोलिसांना तो दिसत नाही. घरच्यांना मात्र दिसतो. आपल्या मुलाचे चित्त कोठे अडकले आहे, तो कोणाच्या वाटेवर उभा राहतो, घरी आल्यावर का धुमसतो, हे प्रथम घराला कळते. आणि घर बहुधा बोलत नाही. चित्रपटातली मोठी माणसेही ही हकीगत बिट्टूपासून लपवतात, आणि या लपवण्यानेच तो चेटूकवाडीच्या वाटेला लागतो. पटकथाकारांनी ही युक्ती केवळ गंमतीसाठी योजली असेलही. आम्हाला मात्र ती चित्रपटातील सर्वांत भीतीदायक गोष्ट वाटली.

आता तक्रारी. पहिली लोकपरंपरेविषयी आहे. मुंज झाली, पण सोडमुंज होण्याआधी मृत्यू आला, तर तो मुलगा मुंजा होतो, अशी जुनी समजूत. बाळंतपणात दगावलेली स्त्री अलवंतीण होते. धनात जीव गुंतलेला मेल्यावर समंध होऊन त्याची राखण करतो. भुतांची ही नावे म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यांची वहीच आहे. घरोघरी पोरे दगावत अशा काळी कोण्या आईबापांनी आपला गेलेला मुलगा जवळच्या पिंपळावर आहे असे मानले, तर त्यात भीतीइतकीच माया होती. आम्ही भुते मानीत नाही. पण त्या समजुतीतले दुःख मानतो. चित्रपटाचा गोट्या मात्र बहिणीच्या गळ्यावर शस्त्र धरताना मरतो. मुंजा कीव करण्याजोगा होता. मुंज्या गुन्हेगार झाला. एकतर्फी ओढीवर बोट ठेवण्यासाठी हे करावे लागले असेल, पण त्या बदल्यात एका मेलेल्या पोराविषयीची करुणा हातची गेली.

दुसरी तक्रार आमच्या अधिक जवळची आहे. भुते उतरवणाऱ्या पात्राचे (सत्यराज) नाव एल्विस करीम प्रभाकर. तीन धर्म एका नावात कोंबून हशा मिळतो, तो मिळो. त्यावरून रागावण्याचे कारण नाही. परंतु पडद्यावरचे भूतनिवारण पाहून आपल्या मुलांनी प्रश्न विचारले, तर त्यांना सांगावे की १९८३च्या धर्मसंहितेतील ११७२व्या नियमानुसार महागुरुस्वामींच्या स्पष्ट परवानगीवाचून कोणाही धर्मगुरूला असा विधी करता येत नाही. तो तमाशा नव्हे.

आणि मुन्नी? १९५२च्या त्या मुलीला काय हवे होते, हे कोणी विचारीतच नाही. गोट्या विचारीत नाही, गाव विचारीत नाही, आणि पटकथाही विचारीत नाही. ती फक्त हवी असलेली वस्तू आहे. आपल्या विवाहविधीत वचने घेण्यापूर्वी वधूवरांना त्यांच्या मोकळ्या संमतीविषयी विचारले जाते. बळजबरीने वा दहशतीने लागलेला विवाह ख्रिस्तसभेच्या लेखी विवाहच नव्हे. ज्या चित्रपटाचा विषयच बळजबरीचे लग्न हा आहे, त्यात मुन्नीला एक संपूर्ण प्रसंग मिळायला हवा होता. बेलाच्या वाट्याला तिच्याहून जास्त येते. शर्वरीने उत्तरार्धात अंगमेहनतही पुष्कळ केली आहे. तरी दोन ओढणाऱ्यांच्या मध्ये तिचे स्वतःचे म्हणणे काय, हे ऐकायला आम्ही शेवटपर्यंत थांबलो होतो.

आजीच्या, म्हणजेच गीताच्या, भूमिकेत सुहास जोशी आहेत. भाऊ ज्या रात्री तिच्या जिवावर उठला, ती रात्र उरात घेऊन ही बाई म्हातारी झाली. त्याचे लाड आठवत असतील, त्याचा हातही आठवत असेल. गोट्याविषयी बोलण्याचा अधिकार या सगळ्या कथेत तिच्याइतका कोणालाच नव्हता, आणि जोशीबाईंच्या चेहऱ्यावर ते बोलणे अगदी ओठांपर्यंत आलेले दिसते. पटकथेने त्यांना लवकर निरोप दिला. नाचगाण्यातली दहा मिनिटे काढून त्यांना दिली असती, तर आम्ही हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला असता.